वाचक विचारतात : रविवारची सुट्टी नेमकी दिली कुणी?

प्रश्न : सर नमस्कार. मी टीवायबीएला आहे, हिस्ट्री आणि इकॉनॉमिक्स दोन्ही घेतलंय आणि खरं सांगायचं तर दोन्ही मिळून डोक्याचा पार भुगा झालाय. एकोणिसावं शतक हा पेपर आहे. इंग्लंडचे कारखान्यांचे कायदे वाचले, १८३३ चा, मग १८४७ चा दहा तासांचा, तोवर सगळं सरळ वाटत होतं, म्हणजे मालक वाईट, मजूर बिचारे आणि मधे लॉर्ड शाफ्ट्सबरीसारखे काही भले लोक ज्यांनी भांडून कायदे करून घेतले. मग मुंबईचा चॅप्टर आला आणि सगळं उलटंपालटं झालं. १८८१ चा आपल्याकडचा पहिला फॅक्टरी ॲक्ट, ज्यानं सात वर्षांखालच्या पोरांना गिरणीत घ्यायला बंदी केली, तो हवा कुणाला होता तर म्हणे इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या (मँचेस्टरच्या भागातल्या) गिरणीवाल्यांना! आणि नको कुणाला होता, तर आपल्या मालकांना, ते एक वेळ समजू शकते, पण आपल्या देशभक्त पेपरांनासुद्धा नको होता. म्हणजे पोराला वाचवणारा जो आहे तो पोराचं भलं व्हावं म्हणून वाचवत नाहीये, मुंबईचा माल महाग पडावा म्हणून वाचवतोय. मग असा कायदा चांगला म्हणायचा की वाईट? आमच्या मॅडम म्हणतात इतिहासात चांगलं-वाईट ठरवायला जाऊ नका, पण सर मग वाचायचं तरी कशाला? इकॉनॉमिक्सचे सर म्हणतात कामाचे तास कमी केले की प्रॉडक्शन कमी, मग प्रॉफिट कमी, मग मजुरी कमी, शेवटी नुकसान मजुराचंच. आणि मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे की या सगळ्यात मजूर स्वतः कुठेच नाही, जो तो त्याच्याबद्दल बोलतोय, तो काय म्हणत होता ते कुठे सापडेल?

उत्तर : तुझं पत्र मोठं होतं, थोडी कात्री लावलीय, राग मानू नकोस. शेवटचा प्रश्न सगळ्यात चांगला आहे पण त्याच्याकडे जरा वळसा घालून येऊ.

आधी तुझ्या इकॉनॉमिक्सच्या सरांचं बघू, कारण त्यांचा मुद्दा १८३७ सालचा आहे. ऑक्सफर्डचे एक मोठे अर्थशास्त्री होते, नासाऊ सीनियर, त्यांनी हिशोब मांडला की गिरणी साडेअकरा तास चालते म्हणजे तेवीस अर्धे तास, त्यातल्या वीस अर्ध्या तासांत मालकाचं घातलेलं भांडवल वसूल होतं, एक अर्धा तास यंत्रांची झीज भरून काढण्यात जातो आणि निव्वळ नफा उरलेल्या दोन अर्ध्या तासांत, म्हणजे अगदी शेवटच्या एका तासात. तो तास कापला की नफा शून्य, गिरणी बंद, मजूर रस्त्यावर. ऐकायला एकदम चोख वाटतं की नाही? पण गोम अशी आहे की गिरणीच्या रोजच्या खर्चाचा मोठा भाग म्हणजे कापूस, आणि गिरणी एक तास कमी चालली तर तेवढ्या तासाचा कापूसही वापरला जात नाही, तो गोदामात पडून राहतो, त्याची किंमत बुडत नाही. नफा काही शेवटच्या तासाला खिडकीतून आत येत नाही, तो दिवसभराच्या प्रत्येक वारभर सुतात थोडा थोडा असतोच. शिवाय दमलेल्या माणसाच्या हातून धागे जास्त तुटतात, माल खराब निघतो, हे सीनियरसाहेबांच्या गणितात कुठेच नाही. १८४७ चा कायदा झाला, गिरण्या काही बंद पडल्या नाहीत आणि पुढची दहा वर्षं लँकेशायरचा धंदा जोरातच चालला. तेव्हा सरांना नम्रपणे हे उदाहरण विचार, बघ काय म्हणतात. म्हणजे तास कमी केले की कधीच काही नुकसान होत नाही असं मला म्हणायचं नाही, पण "होणारच" असं सांगणारा माणूस बहुतेक वेळा कुणाच्या तरी खर्चाने बोलत असतो.

आता भल्या लोकांचं. शाफ्ट्सबरी (तेव्हा तो लॉर्ड ॲश्ले होता) खरंच धार्मिक, खरंच कळवळ्याचा माणूस, त्यात शंका नको. पण दहा तासांचा कायदा १८४७ लाच कसा पास झाला ते बघ. त्याच्या आदल्या वर्षी, १८४६ ला, धान्यावरची आयात जकात रद्द झाली, म्हणजे जमीनदारांच्या पोटावर पाय आला आणि ती रद्द व्हावी म्हणून सगळ्यात जास्त ओरडत होते गिरणीवाले, कारण भाकरी स्वस्त तर मजूर स्वस्त. मग जमीनदार मंडळींनी उट्टं काढलं, बऱ्याच जणांनी कारखान्याच्या कायद्याला मत दिलं. हेच जमीनदार स्वतःच्या शेतावरच्या मजुराला काय देत होते विचारू नको, ॲश्लेच्या वडिलांच्या डॉर्सेटमधल्या इस्टेटीवरच्या मजुरांची हलाखी हा त्याच्या विरोधकांचा आवडता विषय होता. आणि गंमत म्हणजे ते बिल ज्यानं मांडलं तो जॉन फील्डन स्वतः टॉडमॉर्डनचा गिरणीमालक! म्हणजे तुझ्या डोक्यातलं "मालक वाईट, मधे भले लोक" हे चित्र मुंबईच्या चॅप्टरने नाही बिघडलं, ते इंग्लंडच्या चॅप्टरमध्येच बिघडलेलं होतं, पाठ्यपुस्तकानं नीट सांगितलं नाही एवढंच.

अजून एक, कायदा फक्त बायका आणि तेरा ते अठरा वयाच्या पोरांसाठी होता, पुरुषांचं नाव त्यात नव्हतंच. पण बायका-पोरं घरी गेली की पुरुषाला एकट्याला माग चालवता येत नाही म्हणून त्याचेही तास आपोआप कमी होणार, असा सगळ्यांचा हिशोब. मालकांनी त्यावर तोड काढली, पाळ्या अशा लावल्या की एक बाई सकाळी थोडा वेळ, मग मधे रिकामी, मग परत संध्याकाळी, मोजायला गेलं तर दहाच तास पण माणूस अडकून पडला दिवसभर, आणि इन्स्पेक्टरला पत्ता लागत नाही कोण किती वेळ उभं होतं. ही पळवाट बुजवायला १८५० ला परत कायदा करावा लागला. कायदा पास होणं आणि कायदा लागू होणं यात किती अंतर असतं याचं इतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही, पेपरात नक्की लिही.

आता मुंबई. १८५४ ला कावसजी नानाभाई दावर यांनी गिरणी काढायचं ठरवलं, १८५६ ला ताडदेवला ती सुरू झाली. मग अमेरिकेत यादवी, १८६१ ते ६५, तिकडचा कापूस बंद, लँकेशायरची उपासमार आणि मुंबईत पैशाचा पाऊस, शेअरबाजाराला वेड लागलं, समुद्र बुजवायच्या कंपन्यांचे शेअर वाट्टेल त्या भावाला गेले आणि युद्ध संपल्यावर १ जुलै १८६५ च्या सौदे पुरे करायच्या दिवशी सगळा फुगा फुटला. ते सगळं सांगत बसत नाही, त्या तेजीतला बडा सटोडिया प्रेमचंद रायचंद आणि त्याच्या पैशातून उभा राहिलेला राजाबाई टॉवर तुला माहीत असेलच. मुद्दा हा की त्यानंतर गिरण्या वाढत गेल्या आणि १८९० च्या दशकात मुंबईत त्या सत्तरच्या आसपास झाल्या, सत्तर हजारांच्या वर माणसं कामाला. लँकेशायरला हे डोळ्यात खुपायला लागलं. मग त्यांना अचानक मुंबईच्या पोरांची दया आली. १८७५ ला शाफ्ट्सबरीनेच हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये हा विषय काढला, त्याच साली मुंबईत कमिशन बसलं, त्यात गिरणीमालकांचाच भरणा, त्यांनी सांगितलं कायद्याची गरज नाही. दुसरं काय सांगणार होते?

पण फक्त लँकेशायरचंच नाव घेशील तर अर्धीच गोष्ट. मुंबईतच सोराबजी शापूरजी बंगाली नावाचे पारशी गृहस्थ होते, त्यांनी १८७८ ला स्वतः कायद्याचा मसुदा केला, मुंबई सरकारने दाद दिली नाही. त्यांना काही मँचेस्टरहून मनीऑर्डर येत नव्हती. आणि देशभक्त पेपरांचं म्हणशील तर केसरी, मराठा धरून बहुतेक राष्ट्रवादी पत्रं कायद्याच्या विरोधात होती हे खरंच आहे, त्यांचं म्हणणं ज्या लँकेशायरने आपल्याकडे येणाऱ्या विलायती कापडावरची आयात जकात काढायला लावली (१८८२ ला ती पूर्ण गेली) तोच आता मजुरांच्या नावानं आपल्या गिरण्या मारायला निघालाय. जकातीचं निदान शंभर टक्के बरोबर होतं. पण त्यावरून सात वर्षांच्या पोराने बारा तास उभं राहावं हे सिद्ध होत नाही, आणि तिथे ही मंडळी चुकली असं माझं स्पष्ट मत आहे, तुझ्या मॅडमना पटो न पटो. (याच गिरणी कामगारांनी १९०८ ला टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा सहा दिवस संप केला, हे विसरू नको. माणसं हिशोब ठेवतात पण कधीकधी मोठ्या मनाने ठेवतात.)

आणि त्या १८८१ च्या कायद्यात होतं काय? सात वर्षांखाली बंदी, सात ते बाराच्या पोरांना नऊ तास, महिन्याला चार सुट्ट्या, तेही शंभर माणसांच्या वरच्या कारखान्यात. मोठ्या माणसांना, बायकांना काहीच नाही. एवढ्याशा कायद्यावर इतका गदारोळ.

आता तुझा शेवटचा प्रश्न, मजूर कुठे आहे. तो आहे १८८४ मध्ये, परळला. मुंबई सरकारने परत एक कमिशन नेमलं आणि त्याच्यासमोर मांडायला म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज दिला. लोखंडे सत्यशोधक, महात्मा फुल्यांच्या जवळचे, गिरणीत स्टोअरकीपर होते आणि दीनबंधू हा पेपर चालवायचे. त्या अर्जातल्या मागण्या शांतपणे वाच : दर रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू आणि सूर्यास्ताला बंद. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार आणि कायमचा अपंग झाला तर पोटगी.

यातली एकेक मागणी उलटी करून वाच म्हणजे गिरणी दिसेल. दुपारी जेवायला साधा अर्धा तास नाही म्हणून तो मागावा लागतोय, साचा (सुताचं यंत्र) चालूच, त्याच्याशेजारी उभ्याउभ्या भाकरी. पगार पंधरा तारखेपर्यंत मागतायत म्हणजे त्याहून उशिरा मिळत होता, म्हणजे महिना-दीड महिना वाण्याच्या उधारीवर, आणि उधारीचं व्याज पगारातून. सूर्यास्त मागतायत कारण घड्याळ मालकाच्या भिंतीवर असतं, सूर्य तरी सगळ्यांचा, आणि पुढे विजेचे दिवे आल्यावर तर गिरणी अंधार पडल्यावरही चालवता यायला लागली. रविवार मागतायत कारण सुट्टी म्हणून जो दिवस मिळायचा त्याची सकाळसुद्धा साचे साफ करण्यात जायची. मला विचारशील तर एकोणिसाव्या शतकातल्या मजुराचं म्हणणं समजून घ्यायला जाडजूड पुस्तकांपेक्षा या पाच ओळी पुरे आहेत.

१८८४ ला काही झालं नाही. अर्ज फायलीत गेला. १८९० च्या एप्रिलमध्ये लोखंड्यांनी परत सभा घेतली, दहा हजारांच्या आसपास कामगार जमले, दोन कामगार बायकाही बोलल्या, आणि १० जून १८९० ला मालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षीच्या, म्हणजे १८९१ च्या कायद्यात ती आठवड्याची सुट्टी आली, मुलांचं वय नऊपर्यंत वर गेलं आणि बायकांना अकरा तासांची मर्यादा मिळाली. त्या कायद्यामागेही लँकेशायर होतंच. पण या वेळी दारात मजूर स्वतः उभा होता, हा फरक.

फार रंगवू नकोस मात्र. लोखंड्यांच्या बॉम्बे मिलहँड्स असोसिएशनला भारतातली पहिली कामगार संघटना म्हणतात खरी, पण तिला ना सभासदांची यादी होती, ना वर्गणी, ना नियमावली. आजच्या अर्थाची युनियन ती नव्हती. लोखंड्यांना पुढे सरकारने रावबहादूर पण केलं. तरी त्या सह्या खऱ्या होत्या.

तर कायदा चांगला की वाईट? पोराच्या बाजूने बघितलं तर चांगला, आणि ज्याने तो ढकलला त्याच्या हेतूने बघितलं तर मतलबी. ही दोन वेगळी वाक्यं आहेत, दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात, पेपरात दोन वेगळ्या पॅरेग्राफमध्ये लिही. एकोणिसाव्या शतकात मजुराला जे काही मिळालं ते बहुतेक वेळा दोन बड्यांच्या भांडणातल्या फटीतून मिळालंय, तिकडे जमीनदार विरुद्ध गिरणीवाला, इकडे मँचेस्टर विरुद्ध मुंबई. फट पडली हे नशीब, पण त्या फटीत नेमक्या वेळी अर्ज सरकवणारा माणूस लागतो, आणि तो शोधणं हेच तुझं काम.

---

प्रश्न : महोदय, माझे पणजोबा कोकणातून गिरणीत आले एवढंच घरात माहीत आहे. तुम्ही गिरणीचे एवढे हाल सांगता, मग लोक गाव सोडून तिथे का येत होते? गावात निदान दोन घास तरी मिळत होते ना? (एक निवृत्त वाचक)

उत्तर : साहेब, दोन घास मिळत नव्हते हीच तर अडचण. कोकणात, विशेषतः रत्नागिरी जिल्ह्यात, जमिनीचे तुकडे एवढेसे, वर खोताचा वाटा, भात जेमतेम काही महिने पुरणार. मुंबईच्या गिरण्यांत सगळ्यात जास्त माणसं रत्नागिरीचीच. आणि ती गाव सोडून आली असं म्हणणंही तितकंसं बरोबर नाही, बायको-मुलं, जमीन, देव सगळं गावीच, पुरुष तेवढा मुंबईत खोलीत दहाजणांबरोबर, पैसे गावाला पाठवायचे आणि पेरणी-कापणीला परत जायचं. गावच्याच ओळखीचा जॉबर (मजूर भरती करणारा मुकादम) त्याला कामाला लावायचा आणि त्याबद्दल दस्तुरी, म्हणजे स्वतःसाठी पैसे, घ्यायचा, परत आल्यावर पुन्हा जागा हवी तर पुन्हा दस्तुरी.

घाटावरचं कारण थोडं वेगळं. तिथे सावकार. आणि गंमत बघा, कायदा भल्यासाठी केला की कसा फिरतो. १८५९ ला सरकारने मुदतीचा कायदा केला की कर्जरोखा तीनच वर्षं चालेल, हेतू असा की जुनं व्याज साचत जाऊ नये. सावकारांनी काय केलं, तीन वर्षं झाली की व्याज मुद्दलात घालून नवा रोखा लिहून घ्यायचा. समजा शंभर रुपये, वर्षाला पंचवीस रुपये व्याज, सरळ हिशोबाने सहा वर्षांनी अडीचशे होतात. पण तीन वर्षांनी १७५ चा नवा रोखा केला तर सहा वर्षांनी तेच ३०६ च्या वर जातात, आणि कुणब्याला वाचता येत नाही म्हणून कागदावर १७५ च लिहिलंय की अजून काही, हे देवाला ठाऊक. कापसाची तेजी होती तोवर सावकार सढळ हाताने देत होता. १८६५ नंतर भाव पडले, सावकारांनी हात आखडला आणि नेमका त्याच सुमाराला सरकारने शेतसारा वाढवला. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला बाजाराच्या दिवशी दंगा झाला तो इथून, पुणे-नगरमध्ये पसरला. त्यात लोकांनी मारझोड फारशी केली नाही, रोखे आणि वह्या मागून घेऊन जाळल्या, त्यांना बरोबर माहीत होतं शत्रू कुठल्या पेटीत आहे. वर १८७६ ते ७८ चा दुष्काळ. मग ताडदेव-परळची वाट धरणारा माणूस वेडा नव्हता, रोख पगार, उशिरा का होईना, पण रोख.

पणजोबांचा शोध घ्यायचा असेल तर घरात जुनी पाकिटं, मनीऑर्डरच्या पावत्या, पगाराचं तिकीट असं काही असेल तर आधी ते बघा, फेकून देऊ नका.

---

प्रश्न : सर, स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. प्लेगमध्ये मुंबईत मजूर कमी झाले तेव्हा मजुरी वाढली का? डिमांड-सप्लायच्या नियमाने वाढायला पाहिजे.

उत्तर : वाढली, आणि कशी वाढली ते बघण्यासारखं आहे. प्लेग सप्टेंबर १८९६ ला मांडवीत सापडला आणि पुढच्या काही महिन्यांत लाखो लोक मुंबई सोडून गावाला पळाले. गिरण्या रिकाम्या. मग गिरण्यांची माणसं रस्त्याच्या कोपऱ्यावर उभी राहून मजुरांसाठी बोली लावायला लागली, एकाने जास्त सांगितलं की दुसरा त्याच्यावर. इतकी वर्षं महिन्याचा पगार दुसऱ्या महिन्यात मधे-शेवटी देणारे मालक आता संध्याकाळी रोजचे पैसे रोज मोजून देऊ लागले. लोखंड्यांच्या १८८४ च्या अर्जाने जे झालं नाही ते उंदरांनी केलं, असं म्हणावं लागेल, आणि वाईट वाटतं ते हे की लोखंडे स्वतः फेब्रुवारी १८९७ मध्ये त्याच प्लेगमध्ये गेले.

पण तुमच्या नियमात पुढचं अर्धं लिहिलेलं नसतं. मजूर कमी पडले की मालक एकत्र येऊन एकमेकांची माणसं पळवायची नाहीत असं ठरवायला बघतात. इंग्लंडमध्ये काळ्या प्लेगनंतर १३५१ ला थेट कायदाच केला होता की मजुरी आधीएवढीच राहील. मुंबईत कायदा नाही झाला, पण साथ ओसरून माणसं परत येऊ लागली तशी मालकांनी रोजच्या पगाराची पद्धत बंद करायला घेतली आणि त्यावरून १८९७ मध्ये संप झाले. म्हणजे संख्येमुळे जे मिळालं ते टिकवायला संघटना लागत होती आणि ती तेव्हा नव्हती. उत्तरात हे लिहायचं असेल तर आधीची महिन्यानं, उशिरा पगार द्यायची पद्धत पहिल्या दोन ओळीत सांगा, नाहीतर तपासणाऱ्याला रोजच्या पैशावरून संप का झाला तेच कळणार नाही.